उंबरठ्याच्या बाहेर कोण उभं होतं? मराठी घराच्या दाराची गोष्ट

ज्यांना हेडफोन सापडत नाहीत आणि बसमध्ये उभ्या उभ्या वाचायचंय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मसुदा. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-तीनदा अडखळलो होतो, तेवढं गाळलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय सुरू झाला आमच्या फॅमिली ग्रुपवरून. आईबाबांना नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला आणि आईने रोज एक रील पाठवायला सुरुवात केली. "मुख्य दार आकर्षक कसं कराल", "एन्ट्रन्ससाठी दहा आयडिया". कुठे लाकडी पट्ट्या, कुठे पितळी घंटा, कुठे बुद्धाचा चेहरा आणि त्यामागे पिवळा लाइट. इंटिरियरवाल्याने फक्त दाराबाहेरच्या चार फूट जागेचा जो आकडा सांगितला, तो ऐकून बाबा दोन दिवस गप्प होते.

त्याच आठवड्यात वाईहून मामाचा फोन आला. आजोळचा वाडा पाडायचा ठरलाय, रीडेव्हलपमेंट. आणि जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. त्याला वाड्यात काहीच नको होतं, फक्त पुढचं दार हवं होतं, चौकटीसकट. मामाने विचारलं, "विकू का तुम्हाला पाठवू?" आई लगेच म्हणाली, "पाठव! आपल्या फ्लॅटला लावू."

मला वाटलं, प्रश्न मिटला. मग आजी एक वाक्य बोलली आणि तो मिटायच्या ऐवजी सुरू झाला. ते वाक्य शेवटी सांगतो. त्याआधी दार म्हणजे नेमकं काय होतं, ते बघू.

दाराचे सुटे भाग

जुन्या वाड्याचं दार म्हणजे नुसत्या दोन फळ्या नव्हेत. आधी जोतं, म्हणजे रस्त्यापासून उचललेला दगडी पाया. त्यावर चढायला पायऱ्या. मग उंबरठा, दोन बाजूंचे उभे खांब, वरची आडवी पट्टी आणि तिच्या मधोमध गणपती. ही गणेशपट्टी. दोन्ही बाजूंच्या भिंतीत पणती ठेवायला कोनाडे. आतल्या बाजूला अडसर, म्हणजे भिंतीतल्या भोकातून सरकवत आणायचा जाडजूड लाकडी दांडा. आमच्या आजोळी तो अडसर दोन माणसांना ओढावा लागायचा. लहानपणी आम्ही त्याला लटकायचो आणि आजोबांच्या शिव्या खायचो.

यातल्या बऱ्याच गोष्टी वाड्यांपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दाराच्या खालच्या आडव्या भागाला 'उदुंबर' म्हटलंय. आपल्या 'उंबरठा' या शब्दात तोच उंबर ऐकू येतो. देवळांमध्ये दाराच्या बाजूच्या कोरीव पट्ट्यांना द्वारशाखा म्हणतात. तीन असल्या तर त्रिशाखा, पाच असल्या तर पंचशाखा. आणि वरच्या पट्टीच्या मधल्या चौकोनाला ललाटबिंब, म्हणजे दाराचं कपाळ. आपल्याकडच्या कितीतरी देवळांत त्या कपाळावर गणपती बसलेला असतो. घराची गणेशपट्टी ही त्याचीच धाकटी बहीण.

पुढच्या वेळी एखाद्या यादवकालीन देवळात गेलात तर उंबरठ्याकडे नीट बघा. तिथे डोळे वटारलेला, जबडा उघडलेला एक चेहरा असतो. ते कीर्तिमुख. त्याची पुराणातली गोष्ट भारी आहे. जालंधर राक्षसाचा दूत म्हणून राहू शंकराकडे आला आणि नको ते बोलला. शंकराने रागात एक भुकेलं भूत निर्माण केलं. राहू शरण आला, त्याला माफी मिळाली. पण भुताची भूक तशीच राहिली. "मग मी काय खाऊ?" शंकर म्हणाला, "स्वतःला खा." त्याने खरंच स्वतःला खायला सुरुवात केली आणि फक्त तोंड उरलं. शंकर खूश झाला आणि म्हणाला, तू कायम माझ्या दाराशी राहशील.

म्हणजे बघा, दाराशी पहिली सजावट कोणाची? एका पहारेकऱ्याची. आपण ज्याला सजावट म्हणतो, त्यातलं बरंचसं मुळात राखणीसाठी आहे. लिंबू-मिरची त्यासाठी, बिब्बा त्यासाठी, गणपतीही विघ्न अडवायलाच. दार सुंदर करायचं, कारण तिथे काहीतरी थांबवायचं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत येणार आहे.

वाकून आत या

आता थेट पुण्यात, शनिवारवाड्यावर. पाया घातला १० जानेवारी १७३० ला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. उत्तरेकडचा तो प्रचंड दरवाजा म्हणजे दिल्ली दरवाजा. वरती नगारखाना. फळ्यांवर लोखंडी सुळे, हत्तीचं कपाळ जिथे धडकेल त्या उंचीला. हत्तीने धडक देऊ नये म्हणून.

पण मला त्यातला सगळ्यात हुशार भाग वाटतो तो दिंडी दरवाजा. मोठ्या दारातच कापलेलं छोटं दार. रोजच्या येण्याजाण्याला मोठं दार उघडायचंच नाही. दिंडीतून यायचं, म्हणजे एकावेळी एकच माणूस, आणि तोही मान खाली घालून. हातात तलवार असली तरी वाकलेल्या अवस्थेत तो काय करणार? आत आलात की सरळ वाडा दिसत नाही. आधी उजवीकडे वळा, मग डावीकडे, मग पुढचं दार.

ही वळणाची युक्ती गडांवरून आलेली. रायगडाचा महादरवाजा आठवा. पायऱ्या चढून दमलेलो असतो, दार दोन बुरुजांच्या कुशीत लपलेलं असतं, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. याला गोमुखी बांधणी म्हणतात. समोर हत्तीला पळत येऊन धडकायला जागाच ठेवलेली नाही.

पेशवाईत ज्यांनी वाडे बांधले, त्यांनी हेच गणित घराला लावलं. रस्त्याकडे खाली दगडाची भरभक्कम भिंत, खिडक्या थोड्या आणि उंचावर. सगळी श्रीमंती एका दारात. दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना देवड्या, तिथे पहारेकरी किंवा कारकून. मग चौक. बऱ्याच वाड्यांत दार आणि चौक एका रेषेत नसतात, त्यामुळे रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. घरातल्या बायकांचा वावर बाहेरच्याला दिसू नये, हेही त्यामागे आहेच.

मी ऑफिसमध्ये दिवसभर लॉगिनच्या पानांवर काम करतो, म्हणून मला हे फार ओळखीचं वाटतं. कोण आला, त्याला किती आत सोडायचं, कुठल्या पायरीवर थांबवायचं. भिक्षेकरी पायरीपर्यंत. कारकून देवडीपर्यंत. सावकार ओसरीपर्यंत. पाहुणा सोप्यापर्यंत. माजघरात फक्त घरचे. वाडा म्हणजे लाकूड-दगडात लिहिलेली परवानग्यांची यादी.

आणि ही यादी फसते कुठे, तेही शनिवारवाड्यानेच दाखवलं. दिल्ली दरवाज्याचे सुळे एवढे टोकदार, पण ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून केला तो वाड्याच्याच नोकरीतल्या गारद्यांनी. धोका हत्तीवर बसून आलाच नाही. तो ओळखीचा होता, पगारी होता. आणि १७ नोव्हेंबर १८१७ ला बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचं निशाण लावलं, तेव्हाही त्या सुळ्यांची परीक्षा झाली नाही. बाजीराव आधीच पुणं सोडून गेले होते.

१८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली. आतलं सगळं लाकूडकाम गेलं. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि आतली जोती. आज आपण तिकीट काढून शनिवारवाडा बघायला जातो तेव्हा घर बघतच नाही. आपण दार बघतो, कुंपण बघतो आणि परत येतो.

रस्त्याकडे तोंड

पण सगळी दारं अशी पाठ फिरवून बसलेली नव्हती. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, १८०७ च्या सुमाराचा. त्याचा पुढचा सज्जा आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब हे रस्त्यावरच्या माणसासाठीच आहेत. वर बघा, थांबा, म्हणा वा! कारण बदललं होतं. तटबंदी कमी, मिरवणं जास्त.

गोव्यात तर दाराचा विचारच वेगळा. तिथल्या जुन्या घरांना पुढे बाल्कांव असतो. चार पायऱ्या, वर छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला बांधीव बाकं. संध्याकाळी घरातली माणसं तिथे येऊन बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. घर रस्त्याला पाठ दाखवत नाही, गप्पा मारतं. कोकणात अंगण, तुळस आणि पडवी हे काम करतात. आणि मुंबईच्या चाळीत? दार दिवसभर उघडंच. गॅलरी सगळ्यांची. पडदा लावला म्हणजे "आत कोणीतरी झोपलंय" एवढाच अर्थ.

एक मात्र सगळीकडे सारखं. दाराची रोजची सजावट बायकांच्या हातची. पहाटेचा सडा, रांगोळी, उंबरठ्यावर हळदीकुंकू, सणाला झेंडू-आंब्याचं तोरण. शिवरायांनी तोरणा घेऊन स्वराज्याचं तोरण बांधलं असं आपण शाळेत शिकलो. म्हणजे आपल्या भाषेत राज्याची सुरुवातसुद्धा दाराच्या सजावटीच्या शब्दात सांगतात. नवी सूनही उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत येते. पण जी बाई रोज त्या उंबरठ्याची पूजा करायची, तिने एकटीने तो ओलांडून बाहेर जायचं म्हटलं की चर्चा. डॉ. जब्बार पटेलांनी १९८२ साली स्मिता पाटीलला घेऊन जो सिनेमा केला, त्याचं नाव उगाच 'उंबरठा' नाही.

पायरीच्या खाली

आता जो भाग रीलमध्ये येत नाही, तो.

पंढरपूरला जा. विठ्ठलाच्या महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची. आणि तिच्यासमोर, दाराबाहेर, चोखोबांची समाधी. ज्या माणसाला आयुष्यभर आत घेतलं नाही, त्याची समाधीसुद्धा बाहेरच. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. म्हणजे देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते.

पेशवाईतल्या पुण्याबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय की अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडकं अडकवून फिरावं लागायचं. आपण ज्या सुंदर दारांचे फोटो काढतो, ती दारं त्याच शहरातली आहेत.

आणि त्याच शहरातलं एक घर मला पुण्यातलं सगळ्यात देखणं घर वाटतं. गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा. तसा साधा. पण १८६८ मध्ये जोतिबांनी घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. विचार करा, घराची जी जागा अडवण्यासाठी असते, तिथे त्यांनी पाणी ठेवलं. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली तीही एका वाड्यातच, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली. सावित्रीबाईंच्या विद्यार्थिनी त्या दारातून आत गेल्या. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, आता तिथे स्मारक व्हायचंय.

दारं गेली कुठे?

वाडे का गेले याला एकच कारण नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना डोक्यावर छप्पर राहिलं हे खरं, पण वीस-पंचवीस रुपये भाड्यात मालक कौलं तरी कशी शाकारणार? मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. उरलेले वाटण्या, कोर्टकचेऱ्या आणि एफएसआयने खाल्ले.

दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जुन्या वस्तू गोळा केल्या. त्यात कोरीव दारं आणि चौकटीही आहेत. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने केलेलं हे राजा दिनकर केळकर संग्रहालय शुक्रवार पेठेत आहे. जाऊन या. तिथे दारं आहेत, पण त्यांच्यामागे घर नाही. शनिवारवाड्यासारखंच.

बाकीची दारं ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेली. तिथून रेस्टॉरंटमध्ये, फार्महाउसमध्ये. काहींची टेबलं झाली, वर काच टाकून.

आणि आपल्या फ्लॅटला काय आलं? लॅच, डोळा, सेफ्टी डोअर. उंबरठ्याच्या जागी ग्रॅनाइटची दोन बोटांची पट्टी. देवडी गेली खाली सोसायटीच्या गेटवर. तिथे वॉचमन, रजिस्टर आणि फोनवर वाजणारं अ‍ॅप. परवानग्यांची यादी अजून आहे, फक्त ती आता स्क्रीनवर आहे. डिलिव्हरीवाल्याने कुठल्या लिफ्टने यायचं, याचे बोर्ड मी पुण्यातल्या कितीतरी इमारतींत वाचलेत. पाहुण्यांसाठी वेगळी, त्याच्यासाठी वेगळी.

आजीचं वाक्य

आता वाईला परत. दार बघायला मी आणि आई गेलो होतो. मी फोटो काढत होतो. सागवान, काळंभोर झालेलं. दोन्ही फळ्यांवर पितळी कमळं. गणेशपट्टीवरचा गणपती शेंदराने एवढा लिंपलेला की सोंड कुठे संपते कळत नाही. उंबरठा मधोमध झिजून खोल झालेला. मी म्हटलं, "आजी, किती लोक येऊन गेले असतील यावरून!"

आजी म्हणाली, "सगळे नाही रे. केरसुणीवाली कधी नाही आली यावरून. ती खाली रस्त्यावर उभी राहायची. आम्ही पैसे पायरीवर ठेवायचो, ती उचलायची. हातात द्यायचे नसत."

मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

आजी बराच वेळ आठवत राहिली. दारावरच्या कमळांची संख्या तिला पाठ आहे, अडसर कुठल्या सुताराने केला ते माहीत आहे. तिचं नाव आठवलं नाही.

परत येताना गाडीत आई आणि माझी वादावादी झाली. मी म्हणालो, हे दार नको. आई म्हणाली, "दाराने काय केलंय? पैसे खाली ठेवणारे हात आपले होते. दार विकलं म्हणून ते धुतले जाणार आहेत का? उलट कोणाच्या तरी रेस्टॉरंटमध्ये जाईल आणि लोक त्यापुढे उभं राहून सेल्फी काढतील. मग ही गोष्ट कोण सांगणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

व्यवहाराचं म्हणाल तर आमचा निर्णय असा झाला. पूर्ण चौकट फ्लॅटला बसतच नाही, आणि पॅसेज सोसायटीचा. म्हणून फळ्या आणि उंबरठा मामाकडेच राहतील, नव्या इमारतीत खालच्या मजल्यावर लावायचं त्याने कबूल केलंय. आमच्याकडे फक्त गणेशपट्टी येईल. इंटिरियरवाल्याच्या लाकडी पट्ट्या रद्द. बाबा परत बोलायला लागले.

तुम्हालाही घराचं दार छान करायचं असेल, तर जुन्या दारांकडून घेण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो, स्वस्तातल्या. एक, प्रकाश वरून डोक्यावर मारू नका. कोनाड्यातल्या पणतीसारखा बाजूने आणि मंद ठेवा, म्हणजे लाकूड, पितळ सगळं उठून दिसतं आणि येणाऱ्याचा चेहराही. दोन, एकच गोष्ट ठसठशीत असू द्या. वाड्याची अख्खी भिंत कोरी असायची, म्हणून दार दिसायचं. घंटा, बुद्ध, झाड, पाटी, पट्ट्या सगळं एकत्र लावलं तर काहीच दिसत नाही. तीन, जागा असेल आणि सोसायटी परवानगी देत असेल, तर बाल्कांवाची आठवण म्हणून एक छोटं बाकडं. चप्पल घालायला सगळ्यांनाच लागतं, आणि चार जिने चढून आलेल्यालाही.

आमच्याकडे बाकडं आलंय. आजीही सध्या आमच्याकडेच आहे. परवा दुपारी बेल वाजली, आजीने दार उघडलं. सामान घेऊन आलेला मुलगा घामाघूम झाला होता, लिफ्ट बंद होती. आजी म्हणाली, "आत ये, पंख्याखाली बस जरा." तो म्हणाला, "नको आजी, बूट आहेत पायात. अजून दोन ऑर्डर आहेत." तो बाकड्यावर टेकला, पाणी प्यायला आणि गेला.

आजीने दार लावलं आणि मला विचारलं, "नाव काय रे त्याचं?"

मी फोन उघडून बघितलं. अ‍ॅपमध्ये होतं.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या गावाकडच्या घराला जुनं दार असेल तर त्याचा फोटो काढा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, यातून कोण आत यायचं आणि कोण बाहेर थांबायचं. उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.